पानांची बोंब

पानाला कात्री लावली की लगेच काहीच होत नाही. पडद्यावरची हिरवी रेघ सरळ चालत राहते, जणू तिला अजून कुणी काही कळवलेलंच नाही. मग, बघणाऱ्याने रोखलेला श्वास सोडायच्या सुमारास, ती किंचित थरथरते, टेकडी चढल्यासारखी वर जाते, माथ्यावर जरा रेंगाळते आणि चढली त्याहून सावकाश उतरते. गंमत म्हणजे कात्री लागते एका पानाला आणि टेकडी उमटते शेजारच्या, धक्काही न लागलेल्या पानावर. देठातून खोडात आणि खोडातून पुन्हा देठात असा तो निरोप गेलेला असतो.

ताईच्या प्रयोगशाळेत या टेकडीला ‘बोंब’ म्हणत.

शोधनिबंधात तिला चांगलं भारदस्त नाव होतं. पण दिवसभर पानांना केसाएवढ्या तारा चिकटवत बसणाऱ्या माणसाला भारदस्त नावं तोंडात घोळवायला सवड नसते. ताईबरोबर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे वायरमन म्हणत. त्याने पहिल्यांदा ती टेकडी पाहिली तेव्हा तो खुर्चीतून ताडकन उठला आणि म्हणाला, “मारली! बोंब मारली पठ्ठ्याने!” पठ्ठ्या म्हणजे टोमॅटोचं रोप. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. मग हळूहळू “आज बोंब येईना, तार सुटलीय वाटतं,” “या घेवड्याची बोंब फारच बारीक बाई,” असं सगळेच बोलू लागले. शब्द रुळला. आणि रुळलेल्या शब्दाचं कुणाला हसू येत नाही, त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही. गोम तिथेच होती. ती ताईच्या लक्षात यायला मात्र एक पाटी लागली.

ताईचे वडील खाटीक. उताराच्या रस्त्यावर, वळणाच्या कोपऱ्याला त्यांचं दुकान. पांढऱ्या फरशा, छताला आकडे, आणि मधोमध लाकडाचा जाड ठोकळा, वर्षानुवर्षं सुरे झेलून बशीसारखा खोलगट झालेला. मागच्या अंगणात बोकड बांधलेले असत. वरच्या दोन खोल्यांत ताई लहानाची मोठी झाली. अप्पांचे हात मोठे आणि विलक्षण हळुवार होते. लहानपणी तिच्या पायातला काटा काढावा तर अप्पांनीच. आई काढायला गेली की ती आळी डोक्यावर घेई.

आई होती तोवर “कापणं माझं, शिजवणं तुझं” अशी त्या दोघांची सरळ वाटणी होती. अप्पांना मीठ कुठल्या डब्यात असतं हेही ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, अप्पांचा फोन आला. “ताई, कांदा आधी घालायचा की मांस आधी?” तिने सांगितलं, कांदा. जरा वेळाने पुन्हा फोन. “कांदा काळा झाला. काळाच व्हायला हवा का?” दुपारी ती, नवरा आणि तान्ही लेक टिकली तिथे पोचले तेव्हा अप्पा घामाघूम होऊन पातेल्यासमोर उभे होते. ते जेवण कुणाच्याही घशाखाली उतरण्यासारखं नव्हतं आणि सगळ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं. तेव्हापासून दर रविवारी. अप्पांचा हातही पुढे चांगला बसला. ताईसाठी ते मानेजवळचा मऊ तुकडा वेगळा काढून ठेवत आणि तिच्या ताटात स्वतः वाढत. तो तुकडा वाढताना त्यांचा चेहरा जसा होई तसा एरवी कधी होत नसे.

आणि पंचाईत अशी, की ताईने मांस सोडून काही वर्षं झाली होती.

त्यात नाट्यमय असं काही नव्हतं. एका निबंधाच्या शेवटी ती लिहीत होती, “या संकेतांवरून वनस्पतीला वेदना जाणवते असं म्हणता येत नाही.” वाक्य बरोबर होतं. तिने ते पुन्हा वाचलं, आणि सवयीने, जसं आपण एखाद्या सूत्रात दुसरा आकडा घालून बघतो तसं, वनस्पतीच्या जागी बोकड घालून पाहिला. वाक्य चुकलं. ढळढळीत चुकलं. ती बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसली, मग घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, “मला वाटतं आपल्या घरात आता मांस नको.” नवरा चष्म्याची भिंगं घासणारा, जात्याच शांत. तो म्हणाला, “बरं. आणि रविवारी?”

“सांगते अप्पांना,” ताई म्हणाली.

पण त्या महिन्यात अप्पांचा गुडघा धरला होता. मग दुकानाचं छप्पर गळायला लागलं. मग त्यांचा जुना मित्र वारला. दुखऱ्या माणसाला आणखी दुखवायचं कसं? आणि छप्पर दुरुस्त झालं, गुडघा सुटला, तेव्हा अप्पा इतके खुशीत होते, की खुशीतल्या माणसाच्या आनंदावर विरजण घालायचं कसं? अशी वर्षं गेली. दर रविवारी ती तो मानेजवळचा तुकडा खात राहिली. घास लवकर संपावा आणि अप्पांचं लक्ष ताटाकडे राहू नये, म्हणून ती जेवताना खूप बोलायची. एरवी मोजकं बोलणारी ताई रविवारी पोपटासारखी बोलते, असं अप्पा कौतुकाने सगळ्यांना सांगत.

अशाच एका रविवारी, बोलायला काहीच उरलं नाही तेव्हा, तिने वायरमनची आणि बोंबेची गोष्ट सांगितली. अप्पा चमचा खाली ठेवून ऐकत राहिले. “म्हणजे पान कापलं की बोंब मारतं?” “हो, म्हणजे आम्ही तसं म्हणतो,” ताई म्हणाली आणि भाताकडे वळली.

पुढच्या रविवारी दुकानावर पाटी होती.

दर्शनी भिंतीवर, लांबूनही वाचता येईल अशा निळ्या ठसठशीत अक्षरांत: ‘भाजीसुद्धा बोंब मारते! विश्वास नसेल तर आमच्या मुलीला विचारा.’

“कशी आहे?” अप्पा दारातच उभे होते. “रंगाऱ्याला बजावलं, उद्गारचिन्ह मोठं काढ.”

“अप्पा, अहो हे काय…”

“तूच म्हणालीस ना?”

“म्हणाले, पण…”

“मग झालं तर!”

रस्त्याच्या पलीकडून आवाज आला. समोर भाजीचं दुकान होतं आणि त्यात, टोपल्यांच्या मधोमध, उंच स्टुलावर भाजीवाल्या मावशी. त्यांची आणि अप्पांची इतक्या वर्षांची ओळख, की आता त्या दोघांना सरळ बोलताच येत नसे.

“अहो खाटीकराव, पाटी लावलीत, पण आधी मागे जाऊन बघा, तुमचा बोकड हसतोय की काय!”

“बोकडाचं राहू द्या. तुमची वांगी सकाळपासून बोंबलतायत, तिकडे लक्ष द्या. तुम्हाला ऐकू कमी येतं त्याला वांग्यांनी काय करायचं?”

“माझी वांगी गुणाची. कापताना डोळे वटारून बघत तरी नाहीत!”

“तेच म्हणतो मी! मुक्या जिवांना मारता तुम्ही. आमचा निदान तक्रार करून जातो.”

पिशव्या घेऊन उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मावशींनी मग डाव बदलला. “ताई, तू सांग गं. तू शिकलेली आहेस, खोटं बोलायची नाहीस. खरं आहे का हे?”

सगळ्या रस्त्याचे कान टवकारले. अप्पांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिच्या पदवीदान समारंभात मागच्या रांगेत बसून ते असेच बघत होते, नवा सदरा घालून, टाळ्या कधी वाजवायच्या हे शेजाऱ्याला विचारत.

“म्हणजे… एका अर्थी…” ताई म्हणाली.

“ऐकलंत?” अप्पांनी मांडीवर थाप मारली. “एका अर्थी! एक अर्थ पुष्कळ झाला. आम्ही काय लोभी नाही.”

टिकली तेवढ्यात पाटीखाली उभी राहून एकेक अक्षर लावत होती. जोडाक्षरं तिला नुकतीच येऊ लागली होती आणि दिसेल ते वाचायचा सपाटा चालू होता. “भा-जी-सु-द्धा… आजोबा, बोंब म्हणजे काय?”

“बोंब म्हणजे,” अप्पा तिला कडेवर घेत म्हणाले, “फार दुखलं की आपण जे करतो ना, ते.”

सोमवारी टिकलीने ताटातले वाटाणे बाजूला सारले. मुलं वाटाणे सारतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग गाजर गेलं, मग बटाटा. मग पाव हातात घेऊन तिने विचारलं, “हा कशाचा?” “गव्हाचा.” “गहू झाड असतो?” “गवतासारखं रोप असतं.” टिकलीने पाव परत ठेवला, तोही अलगद, त्याला लागू नये असा.

“मग तू खाणार तरी काय?” नवऱ्याने विचारलं.

टिकलीने याचा विचार करून ठेवला होता. “मीठ.”

“नुसतं मीठ?”

“मीठ बोंब मारत नाही. आणि बर्फ. आणि झाडावरून आपोआप पडलेलं सफरचंद, पण ते आपोआप पडलंय हे मला दिसलं पाहिजे.”

“आणि मटण?”

“बाबा!” टिकली म्हणाली, आणि त्या एका शब्दात बापाच्या अकलेविषयी तिचं काय मत आहे ते सगळं आलं. “बोकड तर खरंच ओरडतो. मी ऐकलंय.”

दुधावर कशीबशी तडजोड झाली, गायीला त्रास होत नाही अशी आईने शपथ घेतल्यावर. आणि शपथ घेताना ताईची जीभ जराशी अडखळली, कारण तिला त्याचीही पक्की खात्री नव्हती. दोन दिवस हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा होता. मग टिकलीचा चेहरा उतरला. ती चिडचिड करू लागली, बूट घालता घालता रडू लागली, शाळेतून आल्यावर दप्तरासकट जमिनीवर आडवी झाली. वाडगाभर सूप समोर ठेवलं की ते डोळे भरून बघायची, आणि तोंड घट्ट मिटून घ्यायची.

नवऱ्याने चष्मा पुसता पुसता, आवाज न चढवता सांगितलं, “अगं, वडिलांना सांगायचं टाळतेस तू, आणि उपाशी राहतेय पोरगी.”

“याचा त्याच्याशी काय संबंध? तिला मी समजावते.”

“समजाव,” नवरा म्हणाला. “पण अर्धंच समजावू नकोस. ती उरलेलं अर्धं विचारणार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई टिकलीला प्रयोगशाळेत घेऊन गेली. वायरमनने तिला स्वतःची फिरती खुर्ची दिली. खिडकीशी दिव्यांखाली टोमॅटोची रोपं ओळीने उभी होती आणि प्रत्येकाच्या अंगाला बारीक तारा होत्या. टिकलीने त्यांच्याकडे आजारी माणसांकडे बघावं तसं पाहिलं.

“आता मी एका पानाचं टोक कापणार आहे,” ताई म्हणाली. “तू नको म्हणालीस तर नाही कापणार.”

टिकलीने वाकून त्या पानाकडे पाहिलं. “छोटंसंच काप.”

कात्री चालली. टिकलीने कान पानाजवळ नेला. पडद्यावर रेघ चढली आणि उतरली.

“काहीच ऐकू नाही आलं!”

“येणारच नाही. आवाज नसतोच. ही रेघ वर जाते, तिला आम्ही लाडाने बोंब म्हणतो.”

“चूक माझी आहे,” वायरमन मागून म्हणाला. “मी तिला ‘जांभई’ म्हणालो असतो तर आजोबांनी पाटीवर जांभई लिहिली असती.”

टिकली हसली नाही. “पण रेघ वर का जाते? दुखतं म्हणूनच ना?”

ताईने नेहमीप्रमाणे सांभाळून बोलायला सुरुवात केली, आणि सांभाळून बोललेलं सहा वर्षांच्या पोरीला काही उपयोगाचं नाही हे पहिल्याच वाक्यात तिच्या ध्यानात आलं. ती खाली, खुर्चीच्या उंचीला बसली. “हे बघ. आपल्या दाराची घंटा कुणी दाबली की वाजते. घरात कुणी नसलं तरी वाजते. हो ना? या पानात घंटा आहे हे मला मोजता येतं. पण घंटा ऐकणारं कुणी आत आहे, असं मला आजवर कुठे सापडलेलं नाही. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, दुखणं जिथे पोचावं अशी जागाच नाही. मी पुष्कळ वर्षं शोधतेय.”

“नक्की नाही?”

“नक्की असं मी म्हणत नाही. पण तुला वाटाणे खायला द्यावेत इतकी माझी खात्री आहे. तुझ्या बाबतीत मी उगाच धोका पत्करेन का?”

हे टिकलीला पटलं. तिने खुर्चीला एक गिरकी दिली, थांबवली, आणि उरलेलं अर्धं विचारलं. “बोकडाच्या घरात?”

वायरमन एकाएकी तारा गुंडाळण्यात गुंतला.

“आहे,” ताई म्हणाली. “तिथे कुणीतरी आहे.”

“मग तू रविवारी का खातेस?”

“कारण आजोबा माझ्यासाठी करतात. त्यांना वाईट वाटेल.”

टिकलीने मान डोलावली. वाईट वाटणं तिला कळत होतं. “मग मी पण खाईन. मलाही नको आहे, पण आजोबांना वाईट वाटेल.” आणि ती पुढे म्हणाली, अगदी समजूतदारपणे, “आपण दोघी मोठ्या झाल्यासारखं खाऊ.”

“तू नको खाऊस,” ताई म्हणाली. “मी आजोबांना सांगते.”

“मी सांगू?”

“नाही. हे माझं आहे. तू तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.”

घरी आल्यावर टिकलीने वाडगाभर सूप प्यायलं, पाव खाल्ला, पुन्हा पाव मागितला, आणि टेबलावर डोकं ठेवून झोपून गेली.

रविवारी अप्पांनी एक नवीनच घाट घातला होता. वरच्या खोलीत टेबलाशी एक खुर्ची जास्तीची होती आणि तिच्यावर चक्क भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, केस चापूनचोपून बसवलेले, आणि समोर स्वतःच्या घरून आणलेलं झाकणाचं भांडं.

“इतक्या वर्षांत खाटीकरावांनी जेवायला बोलावलं ते आज,” मावशी म्हणाल्या. “तेसुद्धा हरवायला.”

“हरवायला कसलं, शिकवायला,” अप्पा म्हणाले. ते भलतेच खुशीत होते. ते सगळ्यांना बसवत होते, ताटं सरळ करत होते, उगाचच झाकणं उघडून मिटत होते. “या म्हणतात, ‘एका अर्थी’ म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, या रविवारी, समोरासमोर होऊन जाऊ दे. ताई, सांग यांना. नीट सगळं सांग. त्या तारांचं पण सांग.”

नवऱ्याने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. टिकली दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती, कुलूप लावल्यासारखी.

ताईने सांगितलं. तारांचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, वायरमनचं सांगितलं. मग म्हणाली, “पण अप्पा, बोंब हा आमचा थट्टेचा शब्द आहे. पान निरोप पाठवतं, हे खरं. ते ओरडतं, हे खरं नाही. त्याला दुखतं असं म्हणायला माझ्याजवळ काही आधार नाही. तुम्हाला गोष्ट सांगताना हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

मावशींनी विजयाने भांड्याचं झाकण उघडायला घेतलं होतं. अप्पांचा चेहरा बघून त्यांनी हात मागे घेतला.

“पण समजा,” अप्पा म्हणाले, “समजा दुखत असेल. दुखत नाही असंही तू पक्कं म्हणाली नाहीस ना?”

“दुखत असेल असं धरू. मग मला सांगा, बोकड काय खातो?”

“पाला. या मावशी रोज संध्याकाळी कोबीची वरची पानं पाठवतात, ती. शिवाय गवत, भुसा. खाण्यात फार चवीचा तो.”

“जन्मभर खातो ना?”

अप्पांनी मान हलवली. टिकलीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कुलूप सुटलं. “म्हणजे बोकडाच्या पोटात सगळ्या पानांच्या बोंबा! आणि वर बोकडाची!”

“अगं बाई,” मावशी पुटपुटल्या, “म्हणजे माझ्या कोबीची बोंबसुद्धा यांच्याच खात्यावर.” पण त्यांच्या आवाजात नेहमीची फोडणी नव्हती.

अप्पा खुर्चीत मागे टेकले. जरा वेळ त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “बोकडाला दुखतं हे मला कुणी सांगायला नको, ताई,” ते म्हणाले. “दुखत नाही असं मी कधी म्हटलंय का? पहिल्यांदा वडिलांनी सुरा हातात दिला तेव्हा मी तीनदा पळून गेलो होतो. पुढे शिकलो. शिकलो ते एकच, की करायचं तर झटकन करायचं, आणि त्याला शेवटपर्यंत हाताने धरायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. पण लोक बघ. पिशवी घेतात, आणि माझ्या बोटाला बोट लागू नये अशी घेतात. खाणारे सगळे, आणि दगडाच्या काळजाचा मी एकटा. तू म्हणालीस पान पण बोंब मारतं, तेव्हा मला वाटलं, चला, आता सगळे एका बाकावर आले. मला सोबत झाली.”

मावशींनी वाटी उगाचच इकडची तिकडे केली. “मी धरते की नीट पिशवी,” त्या म्हणाल्या, अगदी हळू.

“तुम्ही काय, तुम्ही तर पिशवीच फेकून मारता,” अप्पा म्हणाले, आणि दोघंही जरासे हसले. मग ते ताईकडे वळले. “आणि खरं सांगू का, तुझ्या कामातलं मला कळलेलं ते एवढंच होतं. तू मोठाले शब्द बोलतेस, मी मान हलवतो. बोंब मला कळली. म्हटलं, पोरीचं काम आणि माझं काम एका पाटीवर बसतंय, कधी नव्हे ते. असू दे. उतरवू पाटी. उद्गारचिन्ह तेवढं झकास काढलं होतं त्याने.”

“अप्पा, मी तुम्हाला सगळं नीट सांगेन. तुम्ही या एकदा प्रयोगशाळेत, मी दाखवते.”

“येईन की.” त्यांनी डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या, उठले आणि पातेल्याचं झाकण काढलं. वाफ वर आली. बोलणं संपलं होतं आणि आता त्यांना जे येत होतं ते करायचं होतं. त्यांनी डावाने आत चाचपलं, हवा तो तुकडा शोधला, रस निथळू दिला, आणि टेबलाला वळसा घालून ताईच्या खुर्चीपाशी आले. “घे. मानेजवळचा आहे. सकाळपासून तुझ्यासाठी राखून ठेवलाय.”

ताईला आयतं कारण मिळालं होतं, आजवरच्या सगळ्या कारणांपेक्षा चांगलं. एका दुपारी एका म्हाताऱ्या माणसाकडून किती काढून घ्यायचं? पाटी गेली, सोबत गेली, एवढं आजच्यापुरतं पुष्कळ झालं. पुढच्या रविवारी सांगता येईल. त्यांना जरा सावरू दे. नवरा आपल्या ताटाकडे बघत होता. मावशी अप्पांकडे बघत होत्या. टिकलीने ओठ आत ओढून घट्ट धरले होते, आणि आपल्या ताटात तुकडा आला की त्याला हात लावावा की लावू नये हे ठरवायला ती आईच्या हाताकडे बघत होती.

वाफेला कांद्याचा छान खरपूस वास होता. कांदा आता अप्पांकडून कधीच काळा होत नसे.

डाव ताटावर आला तसा ताईने आपला तळहात ताटावर आडवा धरला. अप्पांचा हात तिथेच थांबला. तिने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं, घट्ट, आणि मान वर करून थेट त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“अप्पा, मी मांस खात नाही. किती वर्षं झाली, फक्त तुम्ही वाढता म्हणून इथे खात आले, आणि तुम्हाला सांगायचा मला धीर होत नव्हता. तुमचा हात मला हवा आहे, तुमचा रविवार हवा आहे, मी दर रविवारी येणार. माझ्यासाठी बटाटे उकडा, नाहीतर नुसता पाव ठेवा. पण हे मी आता खाणार नाही.”